वारसा राखला, वार्धक्याचे काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये चंडीगड काही दिवस राष्ट्रीय राजकारणाच्या केंद्रस्थानी आले. या केंद्रशासित प्रदेशाला राज्यघटनेच्या २४० व्या अनुच्छेदाच्या कक्षेत आणणारे विधेयक हिवाळी अधिवेशनात येणार, असे दिसताच पंजाबमधील आम आदमी पक्ष, काँग्रेस आणि अकाली दल एका सुरात बोलू लागले. तसे विधेयक या अधिवेशनात मांडण्याचा इरादा नाही, असा खुलासा अखेर गृह मंत्रालयाला करावा लागला. चंडीगड कोणाचे, हा वाद १९६६ च्या पंजाब पुनर्रचनेपासून चालू आहे. या शहरात राहणाऱ्यांनी उतारवयात कोठे आणि कसे राहावे, हा प्रश्न मात्र त्या वादात कधी आला नाही.

तो प्रश्न समजून घेण्यासाठी सेक्टर २२ पाहावा. चंडीगडमध्ये सर्वांत आधी उभ्या राहिलेल्या सेक्टरांपैकी हा एक. मुख्य आराखडा ल कॉर्बुझिए यांचा असला, तरी येथील घरांवर जेन ड्रू, मॅक्सवेल फ्राय आणि पिएर जानरे यांची छाप आहे. सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब अशा चौकटीत शाळा, दवाखाना, बाजार आणि उद्यान असावे आणि वेगवान वाहतुकीचा रस्ता न ओलांडता रहिवाशाला सारे पायी मिळावे, हे सेक्टरच्या कल्पनेचे सूत्र होते. थकलेल्या पायांना याहून सोयीचा शेजार शोधून सापडणार नाही. जगभरचे नियोजनकार आज वृद्धांसाठी ज्या वस्त्यांचा पुरस्कार करतात, त्यांचा सांगाडा येथे सत्तर वर्षांपूर्वीच तयार झाला.

उणीव आहे ती घरात. येथील घरे दोन-तीन मजली आहेत आणि वर जाण्याचा मार्ग जिन्याचा आहे. शिवाय पहिल्या टप्प्यातील सरकारी घरे ठरली ती पदानुसार. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत वेतनाच्या श्रेणी पाडून प्रत्येक श्रेणीचे घर वेगळे आखले गेले. ड्रू आणि फ्राय यांनी शिपायाच्याही घराला पाणी, शौचालय आणि अंगण दिले, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. परंतु या साऱ्या श्रेणी नोकरीतल्या माणसाच्या होत्या. निवृत्त होताच सरकारी घर सोडावे लागते. ज्या वयात ओळखीचा शेजार आणि जवळचा दवाखाना सर्वाधिक लागतो, नेमके त्याच वयात हे शहर आपल्या कर्मचाऱ्याला सेक्टरबाहेर काढते. खासगी भूखंडावर घर बांधलेल्यांची अडचण निराळी. मुले परगावी वा परदेशी, जिना चढवत नाही आणि तिन्ही मजल्यांचे घर मिळून कायद्याच्या लेखी एकच.

ही अडचण १० जानेवारी २०२३ नंतर अधिक घट्ट झाली. त्या दिवशी न्या. भूषण गवई आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने सेक्टर १ ते ३० या पहिल्या टप्प्यात एका घराचे तीन स्वतंत्र सदनिकांत रूपांतर करण्यास मनाई केली. चटई क्षेत्र गोठवले, मजल्यांची मर्यादा तीनवर ठेवली. लोकवस्तीची घनता वाढवावी काय, याचा विचार वारसा समितीने वाहतूक आणि वाहनतळ ध्यानात घेऊन करावा, आराखड्यातील दुरुस्तीचा अंतिम निर्णय केंद्र सरकारने घ्यावा, असेही सांगितले. नियम वाकवून घरांचे तुकडे विकण्याचा जो व्यवहार बोकाळला होता, तो पाहता हा निकाल योग्यच होता. परंतु वाहने कोठे उभी राहतील याची चिंता ज्या प्रक्रियेत आहे, तिच्यात दुसऱ्या मजल्यावर अडकलेल्या वृद्धेचा विचार कोणत्या मुद्द्याखाली होणार?

कायद्यांची वाण आहे असेही नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्हागणिक निदान एका वृद्धाश्रमाची कल्पना आहे. पण ती निराधारांसाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने गृहयोजनांत पाच टक्के आरक्षण दिले. पण जेथे नव्या योजनेला जागाच उरलेली नाही, तेथे पाच टक्के कशाचे? ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवणारा नियम रद्दबातल ठरवून बंधनकारक निकष करण्याचा आदेश केंद्राला दिला. याही कायद्याचा रोख प्रामुख्याने सार्वजनिक इमारतींवर आहे. खासगी घराचा जिना त्यात फारसा येत नाही.

मग याची दाद मागावी कोणाकडे? चंडीगडला विधानसभा नाही. प्रशासकपद १९८४ पासून पंजाबच्या राज्यपालांकडे आहे. महानगरपालिका आहे, पण महापौर वर्षाचा आणि नियोजनाच्या चाव्या प्रशासनाच्या हाती. कोणत्या गल्लीत कोण जिन्यामुळे घरात अडकले आहे, हे नगरसेवकाला ठाऊक असते. त्याला अधिकार नसतो. ज्यांना अधिकार आहे, त्यांना मते मागायची नसतात. राज्यसभेत या शहराला जागा नाही आणि लोकसभेत एकच. अर्थात चंडीगडची विधानसभा म्हणजे संसदच, आणि तिच्यापुढे हा विषय एखाद्या तारांकित प्रश्नापलीकडे जात नाही.

वारशाच्या रक्षकांची शंका रास्त आहे. वृद्धांच्या नावाने दार किलकिले करावे आणि आत बिल्डर शिरावा, असे येथे घडू शकते. मुंबईत म्हातारी माणसे लिफ्टसाठी पुनर्विकासाची वाट पाहतात आणि लिफ्टबरोबर टोलेजंग इमारतही येते. पुण्यात ज्येष्ठांसाठी खासगी वसाहती उभ्या राहिल्या, त्या ज्यांना परवडतात त्यांच्यासाठी. चंडीगडला या दोन्ही वाटांची गरज नाही. सवलत चटई क्षेत्राला न देता माणसाला द्यावी. घराच्या मागील बाजूस, रस्त्यावरून दर्शनी भाग बिघडणार नाही अशा बेताने लिफ्ट वा उतार बसवण्यास वारसा समितीने एकच नमुना मंजूर करून ठेवावा. तळमजल्याची सरकारी घरे दिव्यांग कर्मचाऱ्यांना आणि दिव्यांग मूल असलेल्या कुटुंबांना आधी द्यावीत. निवृत्तांसाठी सेक्टरातच काही घरे माफक भाड्याने राखून ठेवावीत. यासाठी एकही मजला वाढवावा लागत नाही.

पहिल्या टप्प्याच्या आराखड्यातील दुरुस्तीवर अखेरची सही दिल्लीत व्हायची आहे. त्या कागदात वाहतूक, वाहनतळ आणि वारसा यांच्या जोडीला रहिवाशांचे वय आणि अपंगत्व हा चौथा निकष घालण्याचे काम केंद्र सरकारचे आहे, आणि तो घातला नाही तर जाब विचारण्याचे काम संसदेचे.