युरिया सेंद्रिय आहे, म्हणून काय?

‘ऑरगॅनिक गूळ म्हणजे काय? गुळात कार्बन असतोच, म्हणजे प्रत्येक गूळ ऑरगॅनिक!’ रसायनशास्त्र शिकलेली माणसे हा आक्षेप नेहमी घेतात. शब्दाचा खरा अर्थ आपल्या शास्त्राकडे आहे आणि बाकीचे सारे तो चुकीचा वापरतात, अशी त्यांची खात्री असते. पदवीच्या वर्गात असताना मीही हेच बोलत असे. आज मला तो आक्षेप मुळातच चुकीचा वाटतो.

ग्रीक ‘ऑर्गनॉन’ म्हणजे साधन, अवजार. संगीत नाटकाच्या साथीला वाजणारा ऑर्गन आणि शरीरातला ऑर्गन हे दोन्ही याच घरातले. तपासण्या पाहून डॉक्टर ‘ऑरगॅनिक काही नाही’ म्हणतात, तेव्हा कुठल्याही अवयवात बिघाड सापडला नाही, इतकेच त्यांना सांगायचे असते. कार्बनचा तिथे संबंध नसतो.

रसायनशास्त्राने हा शब्द बऱ्याच उशिरा उचलला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्झेलियससारखे शास्त्रज्ञ सजीवांच्या शरीरातून मिळणारे पदार्थ एकीकडे आणि खनिजे दुसरीकडे ठेवत. पहिल्या प्रकारचे पदार्थ तयार व्हायला जीवशक्ती लागते, अशी तेव्हा समजूत होती. 1828 साली व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया मिळवला. मूत्रात सापडणारा पदार्थ मूत्रपिंडावाचून तयार झाला! समजूत एका दिवसात मेली नाही, पण पुढच्या दशकांत ढासळत गेली. शब्द मात्र टिकला आणि त्यात ‘कार्बनची संयुगे’ हा नवा अर्थ भरला गेला. म्हणजे मुळाशी असलेले नाते तोडले ते रसायनशास्त्राने. शिवाय चुनखडीत कार्बन आहे, कार्बन डायऑक्साइडमध्ये आहे, तरी दोन्ही असेंद्रियच मानली जातात. ही सीमा अभ्यासाच्या सोयीसाठी आखलेली आहे. त्यात गैर काही नाही, पण सोयीने आखलेल्या सीमेवर उभे राहून शेजाऱ्याला अडाणी म्हणू नये.

शेतीतला अर्थ वेगळ्या वाटेने आला. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण आणि गुरांच्या मुताने भिजलेली माती यांपासून खत करण्याची पद्धत बसवली आणि 1931 साली ती पुस्तकरूपाने मांडली. पुढे 1940 साली लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी ‘लुक टू द लँड’ या पुस्तकात शेत हाच एक सजीव देह मानला. माती, पीक, गुरे आणि माणूस हे त्याचे अवयव. ‘ऑरगॅनिक शेती’ हा शब्दप्रयोग तिथून रुळला. ग्रीक मुळाला रसायनशास्त्रापेक्षा हाच अर्थ अधिक जवळचा आहे.

म्हणूनच युरिया रसायनशास्त्रात सेंद्रिय असूनही सेंद्रिय शेतीत वर्ज्य आहे. उलट, द्राक्षबागायतदारांच्या रोजच्या ओळखीचे बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. रसायनशास्त्राच्या लेखी दोन्ही असेंद्रिय, तरी तांब्याचे प्रमाण मर्यादित ठेवून सेंद्रिय शेतीत ते चालते. यात विसंगती नाही. रसायनशास्त्र रेणू कशाचा बनला आहे ते विचारते. शेती विचारते, पीक कसे वाढवले?

मात्र ‘केमिकल-फ्री’ची पाटी लावणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पाणीसुद्धा रसायनच आहे. ‘सेंद्रिय’चा अर्थ ‘निर्धोक’ असा घेणेही तितकेच चूक. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा चर्चेत आलेल्या कीटकनाशकांपैकी मोनोक्रोटोफॉस हे रसायनशास्त्राच्या व्याख्येने सेंद्रिय संयुगच. पाकिटावरचे प्रमाणपत्र पिकवण्याच्या पद्धतीची ग्वाही देते. पदार्थ अधिक पौष्टिक असल्याची नाही. आणि ‘ऑरगॅनिक मीठ’? मिठात कार्बन नाही, ते बियाण्यातून उगवतही नाही. रसायनशास्त्राचा किंवा शेतीचा, कुठलाच अर्थ तिथे लागू पडत नाही. शेतकऱ्याच्या कष्टाने कमावलेली शब्दाची पत तेवढी उसनी घेतली जाते. माझा राग यावर आहे.

मराठीने हा गुंता बराच चांगला सोडवला आहे. ‘सेंद्रिय’ म्हणजे इंद्रियांसहित. ज्याने हा शब्द घडवला, त्याने इंग्रजी शब्दाचे मूळ नीट ओळखले होते. आपल्याकडे सेंद्रिय खत म्हणजे शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत. जैविक खत म्हणजे रायझोबियमसारखे जिवाणू. दोन वेगळ्या वस्तू, दोन वेगळी नावे. सरकारी बोधचिन्हावर मात्र हिंदी वळणाने ‘जैविक भारत’ असे आले आणि दुकानातल्या मराठी पाट्याही ‘जैविक गूळ’, ‘जैविक डाळ’ म्हणू लागल्या. आपण ‘सेंद्रिय’च म्हणावे. कृषी सेवा केंद्रात जैविक खत मागणाऱ्याच्या हाती जिवाणूंचे पाकीट पडते, शेणखताचे पोते नव्हे.

माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ अशी एक ओळ असते. प्रयोगशाळेतला रसायनतज्ज्ञ चुनखडीतला कर्ब वगळून तो आकडा काढतो. शेतकरी तोच आकडा बघून बांधावर उभा राहतो आणि यंदा किती गाड्या शेणखत टाकायचे, ते ठरवतो.