गायरानांची तुटलेली साखळी

धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीपासून थोड्याच अंतरावर वसलेले अंतरवाली सराटी हे अंबड तालुक्यातील गाव २०२३च्या ऑगस्टपर्यंत जिल्ह्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. त्या वर्षी २९ ऑगस्टला तेथे मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले आणि १४ ऑक्टोबरला लाखोंचा समुदाय जमला. त्या मागणीची चर्चा येथे कर्तव्य नाही. मात्र ती सभा शेतांतून भरली, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अध्यापकास विचार करावयास लावते. मराठवाड्यातील एखाद्या गावात माणसांनी एकत्र बसावे आणि जनावरांनी मोकळे चरावे, अशी सर्वांच्या मालकीची जागा आज कितीशी उरली आहे?

अशी जागा पूर्वी होती आणि तिचे नाव गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २२ मध्ये गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. परंतु गायरान म्हणजे केवळ चराई नव्हे. शेळीवर संसार चालविणाऱ्या विधवेचा तो चारा, कुंभाराची माती, भटक्या मेंढपाळाचा मुक्काम आणि दुष्काळात सर्वांचाच आधार. डॉ. एन. एस. जोधा यांनी सात राज्यांतील कोरडवाहू गावांचा अभ्यास करून १९८६ साली असे दाखविले, की गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के भाग अशा सामाईक साधनांतून येत होता. आणि १९५० नंतरच्या सुमारे तीस वर्षांत या जमिनी ३१ ते ५५ टक्क्यांनी घटल्या होत्या. हे उत्पन्न कोणत्याही खतावणीत लिहिले जात नाही. म्हणूनच ते नाहीसे झाले तरी कोणास तोटा दिसत नाही.

या ऱ्हासाच्या मुळाशी एक शब्द आहे : ‘पडीक’. ज्या जमिनीचा सारा मिळत नाही ती वाया गेलेली, हा इंग्रजी अमदानीतील महसुली हिशेब स्वातंत्र्यानंतरही सुटला नाही. केंद्र शासनाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही झुडपी माळरानांची गणना होत आली. वास्तविक कमी पावसाच्या उथळ जमिनीवर गवत हीच निसर्गाची पूर्ण अवस्था होय. पवना, मारवेल, कुसळी ही गवते तेथील माती धरून ठेवतात. खोकड, लांडगा, काळवीट आणि माळटिटवी यांचे ते घर असते. परंतु पडीक म्हटले, की ‘उपयोगात आणणे’ ओघाने आलेच. २०१६ ते २०१९ या काळात राज्याने ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला. हेतू चांगलाच होता. पण माळावर चर खणून दाट झाडे लावणे म्हणजे गवत मारणे, हे फार थोड्यांच्या ध्यानी आले. २०२३ पासून शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्पांना शासकीय जमिनी दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच. पण कुंपण पडलेल्या गायरानातील शेळ्यांनी जावे कोठे, याचे उत्तर त्या योजनेत सापडत नाही.

आता कोणी म्हणेल, उरलेले चार तुकडे राखून काय साधणार? येथेच साखळीचा विचार महत्त्वाचा ठरतो. एकेकटा तुकडा बेट होऊन मरतो. जोडलेले तुकडे जगतात. ही जोडणारी कडी आपल्या खेड्यांत पूर्वापार आहे. बाभळी-बोरींनी झाकलेला ओढा, दुतर्फा काटेरी कुंपण असलेली पाणंद, अंबड तालुक्यातून जाणाऱ्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा काठ, या सर्वांनी गायरान ते गायरान असा हिरवा मार्ग आपोआप तयार होतो. आज पाणंद रुंद करताना यंत्राच्या एका फेरीत दोन्ही बाजूंची झुडपे जातात आणि ओढ्याच्या काठापर्यंत नांगर पोहोचतो. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी उन्नत व भुयारी मार्ग बांधले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्या मार्गाच्या पलीकडे गवताचा माळच नसेल, तर काळवीट उभ्या पिकातच उतरणार आणि शेतकरी त्याला शत्रू मानणार!

या विचाराला एक गंभीर आक्षेप आहे व तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठवाड्यात गायरान हा भूमिहीनांच्या, विशेषतः दलितांच्या, जगण्याचा प्रश्न आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४च्या भूमिहीन सत्याग्रहांनी तो देशासमोर मांडला. २८ नोव्हेंबर १९९१च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वी गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले, तरी सातबाऱ्यासाठी अनेकांचे हेलपाटे संपले नाहीत. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गायरानांवरील दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा आकडा आला, तेव्हा धास्तावला तो प्रथम हाच माणूस. बड्यांच्या कब्जाला हात न लावता काळविटासाठी गरिबाचे दोन एकर काढून घेणे हा निसर्गप्रेमाचा नव्हे, अन्यायाचाच प्रकार होईल.

माणसांना वगळून केलेले संरक्षण टिकत नाही, हे सोलापूरकडे पाहून कळावे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची १९७९ साली आखणी झाली ती ८,४९६ चौरस किलोमीटरची. तीत शेते आली, गावे आली आणि सर्वांच्या व्यवहारांवर बंधने आली. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. लोकांच्या मनात कटुता मात्र राहिली आणि माळढोक आज तेथे क्वचितच दृष्टीस पडतो. नकाशावरील मोठ्या रेघेपेक्षा गावाने मान्य केलेली छोटी रेघ अधिक कामाची, हाच त्यातील धडा होय.

सामाईक मालकीचा नाश अटळ आहे, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली लिहिले आणि कित्येक वर्षे आम्ही ते वर्गावर्गांतून शिकविले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या कुरणांचा व पाटबंधाऱ्यांचा अभ्यास करून त्याला छेद दिला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे साधे आहे : हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केले असतील आणि मोडणाऱ्यास दंड होत असेल, तर सामाईक जमीन टिकते.

त्यानुसार क्रम ठरविता येईल. प्रथम गायरान, ओढे व पाणंदी यांची मोजणी ग्रामसभेसमोर व्हावी. नंतर १९९० पूर्वीच्या भूमिहीन कसणाऱ्यांचा हक्क कागदावर कायम करावा. मग उरलेल्या क्षेत्राचे भाग पाडून आळीपाळीने चराई व कापणी करावी आणि गवताच्या विक्रीत ज्यांच्याकडे जनावर नाही अशा घरांनाही वाटा द्यावा. ओढ्याकाठची व पाणंदीकडेची झुडपे तोडू नयेत. गावाजवळच्या भागात पाणवठा, चार सावलीची झाडे आणि बसावयास पार असावा. याला फार मोठा निधी लागत नाही. तलाठ्याची साखळी आणि ग्रामसभेचा निश्चय लागतो.

२०२४च्या जूनमध्ये त्याच वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण झाले. काही कोसांच्या परिसरात दोन मंडप, दोन्हींकडे कोरडवाहू शेतीने मेटाकुटीस आलेली माणसे. त्यांचा तंटा गायरानाने मिटणार नाही. परंतु दोघांच्याही शेळ्या ज्या माळावर चरत, तो माळ शाबूत असता तर दोघांच्याही घरी तुटवडा थोडा कमी असता. जे कोणा एकाचे नाही ते राखण्याची सवय गावाने सोडली, तर वाटून घ्यावयास शेवटी केवळ टंचाईच उरेल.