वायफायची किल्ली मालकाच्या हाती हवी

घर आणि व्यापार या दोन गोष्टी आपल्या समाजात कधीच फार वेगळ्या नव्हत्या. मालेगाव असो वा भिवंडी, खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड आणि माडीच्या एका कोपऱ्यात हिशेबाच्या वह्या, अशी रचना शेकडो घरांत आढळते. वह्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि विवरणपत्र ऑनलाइन भरणे अनिवार्य झाले. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागते. बालोतरा किंवा पालीला कोऱ्या कापडाच्या गाठी रवाना करायच्या, ट्रक दारात उभा आहे, आणि इंटरनेट बंद! अशा वेळी बिल निघत नाही, हमाल बसून राहतात आणि ड्रायव्हर घाई करू लागतो.

अनेक दुकानदार अजूनही मुलाच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम भागवितात. मुलगा बाहेर गेला की पेढीचे कामही त्याच्याबरोबर बाहेर जाते. म्हणून ज्या घरात रोजचा व्यवहार चालतो, तेथे फायबरची स्वतंत्र जोडणी घेणे ही चैन नव्हे, ती धंद्याची गरज आहे. परंतु जोडणी घेतली म्हणजे काम संपले, असे नाही. माग बसविताना आपण पाया, प्रकाश, वीज सारे स्वतः उभे राहून पाहतो. वायफाय बसविताना मात्र ‘जिथे सोय असेल तिथे लाव’ असे सांगून मोकळे होतो. येथेच नुकसानीला सुरुवात होते.

पहिला प्रश्न जागेचा. तार जेथून घरात शिरते, त्याच दाराजवळ कामगार राऊटर ठोकून जातो, कारण त्याला तार कमी लागते. वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. जाड भिंती, लोखंडी कपाटे, पत्र्याचे आडोसे आणि पाण्याची टाकी त्यांना अडवितात. मागांच्या लोखंडी सांगाड्यांच्या मधोमध राऊटर ठेवला तर त्या लहरी अडतात, शिवाय कापसाची धूळ त्याच्या जाळीत बसून तो तापतो. राऊटर घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळ्या जागी असावा. बहुतेक राऊटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. पहिला पट्टा भिंतीपलीकडे दूरवर पोहोचतो, पण तेथे गर्दी फार असते. दुसरा वेगवान आहे, पण जवळच्या खोलीपुरताच.

वेग कमी वाटला की आपण महागडी योजना घेतो. त्याआधी एक साधी परीक्षा करावी. राऊटरला तारेने संगणक जोडून वेग मोजावा आणि नंतर माडीवर वायफायवर मोजावा. तारेवर वेग पूर्ण आणि माडीवर निम्मा असेल, तर दोष कंपनीचा नाही, घरातील भिंतींचा आहे, आणि जास्त पैसे भरून भिंत पातळ होत नाही. ज्या संगणकावर हिशेब चालतो, त्याला सरळ तारच ओढावी. शंभर मीटरपर्यंत ही नेटवर्कची तार चांगले काम देते. माडीवर वायफायही हवे असेल, तर त्याच तारेच्या टोकाला दुसरा राऊटर बसवावा. बाजारात मिळणारे स्वस्त ‘बूस्टर’ बहुधा आलेलाच वेग वाटून घेतात.

दुसरा प्रश्न विजेचा. वीज गेली की फायबर शाबूत असूनही घरातील डबा बंद पडतो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर तेवढ्या वेळात ई-वे बिल निघू शकते.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न किल्लीचा आहे. बसविणारा कामगार पासवर्ड म्हणून बहुधा आपला मोबाईल क्रमांक टाकतो. हा क्रमांक आपल्या प्रत्येक बिलावर, पिशवीवर आणि दुकानाच्या पाटीवर छापलेला असतो! मग त्याला कुलूप म्हणावे तरी कसे? राऊटरच्या आतील व्यवस्थेचा पासवर्ड तर कारखान्यातून आला तसाच राहतो. दुकानाच्या शटरची किल्ली आपण कारागिराच्या खिशात ठेवू का?

याचे गांभीर्य समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता. तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका रहिवाशाच्या असुरक्षित वायफायवरून पाठविल्याचे तपासात दिसून आले. ई-मेल पाठविणारे दुसरेच होते, पण तपास यंत्रणा सर्वप्रथम त्या रहिवाशाच्या दारी पोहोचली आणि त्याचे संगणक ताब्यात गेले. जोडणी ज्याच्या नावावर, पहिला जाब त्यालाच विचारला जाणार. आपल्यासारख्या माणसाला निर्दोष ठरेपर्यंत किती हेलपाटे घालावे लागतील आणि तोवर धंद्याचे काय होईल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

याचा अर्थ शेजाऱ्याला दार बंद करावे, असा मुळीच नाही. मोहल्ल्यातील मुलीला परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल, दलालाला दुकानात बसून भाव पाहायचा असेल, तर नाही म्हणणे आपल्या स्वभावात नाही आणि नसावेही. त्यासाठीच बहुतेक राऊटरमध्ये ‘गेस्ट’ नावाचे वेगळे जाळे असते. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवावा, ओळखीच्यांनाच द्यावा आणि दर महिन्याला बदलावा. हिशेबाचा संगणक, प्रिंटर आणि कॅमेरे मुख्य जाळ्यावरच राहू द्यावेत. तीन घरांनी मिळून एकाच्या नावावर जोडणी घेऊन पैसे वाचविण्याची प्रथा मात्र सोडावी. बिल तिघांत वाटले जाते, जबाबदारी वाटली जात नाही.

‘ही सारी पाने इंग्रजीत असतात, आम्हांला काय कळणार?’ असे अनेक बांधव विचारतात. प्रस्तुत लेखकाचे शिक्षणही उर्दू शाळेत झाले आहे. पण सुताचा काउंट आणि कापडाचा पन्ना ज्याला कळतो, त्याला चार गोष्टी समजणे कठीण नाही. घरातील शिकलेल्या मुला-मुलीला शेजारी बसवून या गोष्टी करून घ्याव्यात: राऊटरच्या आतील पासवर्ड बदलणे, वायफायचा पासवर्ड लांब ठेवणे, सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडणे, आणि बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय बंद करणे. डब्ल्यूईपी नावाची जुनी पद्धत दिसली तर ती ताबडतोब बदलावी. तिचे कुलूप कसे उघडते, हे २००१ मध्येच जगजाहीर झाले आहे. दोन्ही पासवर्ड वहीत लिहून तिजोरीत ठेवावेत आणि नोकर सोडून गेला की त्याच दिवशी बदलावेत.

यासाठी एक दुपार पुरे आहे. बाजार बंद असेल त्या दिवशी व्यापारी बांधवांनी हे काम स्वतः समोर बसून पुरे करून घ्यावे. ते कामगारावर किंवा पुढच्या महिन्यावर टाकू नये.