काटा आधी ओळखा, मग कात्री उचला

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. हा मुलूख धानाचा. संत्र्याच्या मोठ्या बागा नागपूर-अमरावतीकडे. इथलं निंबू वाढतं ते परसात, न्हाणीच्या पाण्यावर. त्याच्याकडे बागाईतदाराच्या नजरेनं कुणी पाहत नाही, म्हणून त्याच्या काट्यांबद्दल गैरसमज फार. अशा गैरसमजापायी चांगली झाडं कुऱ्हाडीखाली जातात, म्हणून हा वाद मांडणं भाग आहे.

पहिलं मत : काटेरी झाड दारात असलं की घरात भांडणं लागतात. उन्हाळाभर सरबत आणि वर्षभर लोणचं पुरवणाऱ्या झाडावर हा आळ घेणं अन्याय आहे. काट्याचा खरा धोका लेकरांच्या डोळ्यांना आणि अनवाणी पायांना. त्यासाठी झाड वाटेपासून आत लावावं आणि तोडलेले काटे गोळा करून जाळावेत.

दुसरं मत : काटे लांब, म्हणजे झाड जंगली, ते फळणार नाही. बी रुजवून वाढवलेलं रोप पहिली काही वर्षं बालवयात असतं आणि त्या वयात काटे लांब, दणकट येतातच. झाड फळावर आलं की नव्या फांद्यांवरचे काटे आखूड होत जातात. कागदी लिंबू तर जन्मभर काटेरी राहूनही भरभरून फळतं. तेव्हा काटे पाहून तिसऱ्या वर्षीच झाड तोडणं म्हणजे घास तोंडाशी येताना ताट उलथवणं.

या मतात एक गोष्ट मात्र खरी आहे. संत्रा-मोसंबीचा डोळा जंभेरीच्या खुंटावर भरतात. पुराचं पाणी मुळाशी साचून वरचं कलम वाळतं, मग बुडातून जोमदार काटेरी फुटवे येतात आणि घरचे हरखतात : झाड जगलं! जगलेला असतो तो खुंट. त्याला संत्री लागत नाहीत, जाड सालीची आंबट जंभेरी लागते.

तिसरं मत : काटे ओरबाडून काढा, म्हणजे ताकद फळाला मिळेल. गुलाबाचा काटा सालीवरचा. अंगठ्यानं दाबला की निघतो. लिंबाचा काटा म्हणजे पानाच्या बगलेत रूप बदललेली फांदी, आतल्या लाकडाशी जोडलेली. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी लिंबूवर्गीय झाडातली दोन जनुकं निकामी केली, तेव्हा काट्यांच्या जागी फांद्या फुटल्या. हे 2020 साली प्रसिद्ध झालं. असा काटा ओरबाडला की साल फाटते आणि त्या जखमेतून खैऱ्या रोगाचे जीवाणू आत शिरतात. ताकद वाचवायला जाऊन आपण रोगाला दार उघडून देतो.

म्हणून काट्याला हातच लावू नये का? तसंही नाही. वादळात काटे फळांना, पानांना टोचतात आणि तीच जखम खैऱ्याला पुरते.

माझं म्हणणं एवढंच, की काटा कुठून आला ते आधी पाहावं. कलमाचा जोड साधारण वीतभर उंचीवर असतो. त्याच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच बोटानं खुडावा. जोडाच्या वर सरळसोट धावणारे काटेरी पाणसोट, फांदीची गरज नसेल तर, बुडातून कापावेत. बाकी काट्यांपैकी फळाला किंवा हाताला लागणाऱ्यांचीच टोकं धारदार कात्रीनं छाटावीत. बुडाला धक्का लावू नये. हे काम कोरड्या दिवसांत करावं, कारण खैऱ्या पावसाच्या थेंबांबरोबर पसरतो. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटनं पुसावी. मोठ्या जखमांना बोर्डो मलम लावावं : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. परसातल्या एकदोन झाडांना याचा दहावा हिस्साही पुरे.

काटा झाडाचं वय सांगतो आणि मूळ सांगतो. ते समजून घेतलं, तर परसातल्या निंबावर कुऱ्हाड चालवायची वेळ क्वचितच येईल.