छत्तीस टक्क्यांचा हिशेब

हिवतापाच्या लशीचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित मंडळी दोन वाक्ये हमखास उच्चारतात. पहिले असे, की "एवढी वर्षे घालवून काढली काय, तर अर्धवट लस!" आणि दुसरे असे, की "पण तयार होते ती आपल्या पुण्यात, बरे का!" ह्या दोन्ही वाक्यांशी माझे भांडण आहे.

पहिल्याचा समाचार आधी घेतो. १९८७ साली बेल्जियममधील शास्त्रज्ञांनी आरटीएस-एस ही लस रचली. २००९ ते २०१४ ह्या काळात आफ्रिकेतील सात देशांतल्या पंधरा हजारांवर मुलांवर तिची चाचणी झाली. चार मात्रा घेतलेल्या बालकांत सुमारे चार वर्षांच्या अवधीत हिवतापाचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. माझ्यासारख्या शाळामास्तराला ३६ टक्के म्हटले की काठावर उत्तीर्ण झालेला विद्यार्थी आठवतो, आणि टीकाकारांची नेमकी हीच गफलत होते. लशीचे टक्के म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. ज्या मुलुखात एकेका मुलाला पुन्हा पुन्हा हुडहुडी भरते, तेथे ह्या ३६ टक्क्यांचा अर्थ काय? त्याच चाचणीत दर हजार बालकांमागे सुमारे १,७७४ आजारपणे टळली. पुढे घाना, केनिया आणि मलावी येथील निवडक भागांत लस दिली गेली, तेव्हा त्या वयाच्या मुलांतील एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी उतरले. ह्याला अर्धवट म्हणणाऱ्याने एकदा त्या मुलांच्या आयांना विचारून पाहावे!

राहता राहिली "एवढी वर्षे". हिवतापाचा जंतू पाच हजारांहून अधिक जनुकांचा. डासाच्या सोंडेतून शिरला की यकृतात त्याचे एक रूप, रक्तात दुसरे. त्याच्यापुढे कोरोनाचा विषाणू अगदीच साधा. म्हणून कोरोनाची लस २०२० ह्या एका वर्षात निघाली आणि हिला चौतीस वर्षे लागली, हे मला मान्य आहे. परंतु ही सारी चौतीस वर्षे जंतूच्या नावावर मांडू नका. चाचणीचे अखेरचे निकाल २०१५ साली हाती आले. युरोपच्या औषध-नियामकांनी अनुकूल मत दिले. काही शंका उरल्या होत्या, त्या तपासणे अवश्यच होते. पण तो तपास प्रत्यक्ष सुरू व्हायलाच २०१९ उजाडले, आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आली ऑक्टोबर २०२१ मध्ये. हीच मुले लंडन-न्यूयॉर्कची असती, तर चार वर्षे नुसत्या तयारीत गेली असती काय? ज्याच्या बापाच्या खिशात पैसा नाही, त्याच्या रोगाच्या औषधाला बाजारात गिऱ्हाईक नाही. खरा विलंब येथे आहे.

आता दुसरे वाक्य. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आर-२१ ही दुसरी लस रचली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती तयार करते. एका मात्रेची किंमत चार डॉलरांहून कमी. २०२३ साली तिची शिफारस झाली आणि जुलै २०२४ पासून ती आयव्हरी कोस्ट व दक्षिण सुदानमधल्या बाळांना मिळू लागली. अभिमान जरूर वाटावा; पण नुसत्या अभिमानाने कोणाचा ताप उतरत नाही.

शिवाय ह्या बाबतीत आपला स्वतःचा इतिहास विसरून चालणार नाही. १९५३ साली आपण हिवतापाविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा वर्षाला साडेसात कोटी माणसे ह्या तापाने अंथरूण धरीत, असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास तो आकडा लाखावर आला. मग डास डीडीटीला पुरून उरले, साधने कमी पडली, जिंकल्याच्या भावनेने हात सैल सुटले. आणि १९७६ साली ६४ लाख रुग्ण मोजावे लागले.

आज जगाचे पाऊल त्याच वाटेवर पडते आहे. २०२३ साली हिवतापाने सुमारे ५,९७,००० बळी घेतले. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालची मुले. असे असता, गरीब देशांना लशी पुरवणाऱ्या 'गॅव्ही' ह्या संस्थेची मदत थांबवण्याचे अमेरिकी सरकारने २०२५ साली जाहीर केले. पुण्यात कुप्या भरतील. पण विकत घेणारा हातच मागे सरला, तर त्या जाणार कोठे? उलटून आलेला हिवताप ज्या देशाने सोसला आहे, त्याने ह्या कामातला आपला वाटा वाढवावा, अशी मागणी आपण आपल्या सरकारकडे केली पाहिजे. ती करायची नसेल, तर "आपल्या पुण्याची लस" हे शब्द निदान तोंडी तरी आणू नयेत.