डिफिब्रिलेटर, मटण आणि आपले हृदय

इंटरनेटवर असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. दवाखान्यातून बाद झालेले जुने डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे मशीन, काही हौशी मंडळी विकत घेतात आणि मटणाच्या तुकड्याला झटके देतात. ठिणगी उडते, मांस थोडे करपते, सगळे हसतात. मला कुतूहलाचे वावडे नाही. अठराव्या शतकात इटलीत गॅल्व्हानीने विजेने बेडकाचे पाय हलवून दाखवले, तिथूनच तर या शास्त्राची सुरुवात झाली. तरीही हा खेळ घरी कोणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब पाहू. जुनी मशीन जास्तीत जास्त ३६० ज्यूल ऊर्जेचा झटका देतात. एवढ्या ऊर्जेने १०० ग्रॅम मांसाचे तापमान जेमतेम एक अंशाने वाढते. म्हणजे मांस शिजणे दूरच, ते कोमटही होत नाही. करपते ते फक्त पॅडल नीट न टेकलेल्या जागी.

मग इतक्या थोड्या ऊर्जेला घाबरायचे कशाला? कारण ही ऊर्जा काही मिलिसेकंदांत, हजारो व्होल्टने बाहेर पडते. प्रत्येक ठोक्यात एक नाजूक क्षण असतो. नेमक्या त्या क्षणी छातीतून झटका गेला, तर धडधाकट माणसाचे हृदयही ठोके सोडून नुसते थरथरू लागते. यालाच फिब्रिलेशन म्हणतात. एका हातातून शिरलेली वीज दुसऱ्या हातातून बाहेर पडते, तेव्हा तिची वाट छातीतूनच जाते. शिवाय मशीनमधला कपॅसिटर वीज साठवून ठेवतो. प्लग काढला म्हणजे मशीन निर्धोक झाले, असे समजू नका. उघडून पाहणे तर त्याहून धोक्याचे.

या व्हिडिओंचा आणखी एक तोटा मला जास्त खटकतो. झटक्याने मेलेल्यात जीव येतो, हा सिनेमातला समज त्यांनी पक्का होतो. ताजे मटण कधी कधी झटक्याशिवायही फडफडते, कारण त्याच्या पेशींत थोडी ऊर्जा शिल्लक असते. तो जीव नव्हे. डिफिब्रिलेटर बंद हृदय 'चालू' करत नाही. वेडेवाकडे थरथरणारे हृदय तो क्षणभर थांबवतो, म्हणजे हृदयाची स्वतःची लय परत येऊ शकते. मॉनिटरवर सरळ रेष असेल तर आम्ही झटका देत नाही. छाती दाबतो आणि औषधे देतो.

१९४७ मध्ये अमेरिकेत डॉ. क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर १४ वर्षांच्या मुलाचे हृदय अशा झटक्याने पूर्वपदावर आणले. त्याआधी त्यांनी ते हृदय हाताने दाबत ठेवले होते, हे विसरू नका. आजही फिब्रिलेशन झालेल्या रुग्णाला मदत मिळाली नाही, तर दर मिनिटाला त्याची वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

म्हणून हौस असेल तर सीपीआर शिका. समोरचा माणूस कोसळला, हाक मारून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबा. जवळ एईडी असेल तर तो लगेच मागवा; पुढे काय करायचे ते तो स्वतः बोलून सांगतो.

मटणावर झटके मारून यातले काहीच शिकता येत नाही. मटण रस्स्यातच बरे!