मोडीत निघालेल्या चित्रफिती

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत पनवेलमधील जुन्या घरांच्या माळ्यावरून एक पिशवी खाली येते आणि धूळ झटकून पुन्हा वर जाते. तीत विवाहाच्या सीडी असतात, वर्षीतपाच्या पारण्याची डीव्हीडी असते, क्वचित एखादी व्हीएचएस कॅसेटही असते. टाकून देण्यास कोणाचे मन धजत नाही आणि पाहण्याचे साधन घरात उरलेले नाही. नव्या लॅपटॉपला सीडीचा खण नाही. कोणाकडून पेनड्राइव्हवर उतरवून आणले, तर टीव्ही ‘ही फाइल चालत नाही’ एवढेच सांगून गप्प बसतो.

जुन्या पेढ्यांवरील मोडी चोपड्यांसारखी ही स्थिती आहे. कागद शाबूत, शाई शाबूत, परंतु वाचणारा राहिला नाही. १९९३ मध्ये व्हिडिओ सीडीचे मानक ठरले, तेव्हा त्यात ‘एमपेग-१’ ही पद्धत वापरली गेली. डीव्हीडीत ‘एमपेग-२’ आली. पुढे कॅमेऱ्यांनी ‘एव्हीआय’ आणि साध्या मोबाइलने ‘३जीपी’ आणले. प्रत्येक काळाची लिपी निराळी. आज मोबाइल, टीव्ही व संगणक या तिघांनाही जी सहज वाचता येते ती म्हणजे ‘एमपी४’ ही फाइल, आत चित्रासाठी ‘एच.२६४’ आणि आवाजासाठी ‘एएसी’. ‘एच.२६५’ ही नवी पद्धत जागा कमी घेते, मात्र घरातला आठ-दहा वर्षांपूर्वीचा टीव्ही तिच्यापुढे अडू शकतो. सर्व नातलगांकडे पाठवायचे असेल तर थोडी जागा जास्त गेलेली बरी.

रूपांतराचे काम खर्चिक नाही. ‘हँडब्रेक’ हा प्रोग्राम विनामूल्य आहे आणि जुन्या लिप्या वाचणारा ‘व्हीएलसी’ही विनामूल्य आहे. बाहेरून जोडण्याचा डीव्हीडी ड्राइव्ह मात्र विकत वा मागून आणावा लागतो. व्हिडिओ सीडीत ‘एमपेगएव्ही’ या फोल्डरमध्ये ‘डॅट’ नावाची मोठी फाइल असते, ती प्रथम हार्डडिस्कवर उतरवावी. डीव्हीडीतील ‘व्हिडिओ टीएस’ हा फोल्डर संपूर्ण उतरवावा. त्यात एकच समारंभ सुमारे एकेक जीबीच्या तुकड्यांत विभागलेला असतो. तुकडे सुटे सुटे रूपांतरित केले तर सांध्यावर चित्र व आवाज अडखळतात. हँडब्रेकला सगळा फोल्डर दाखविला, की तो हे तुकडे सलग वाचतो. ओरखडा पडलेली सीडी एका ड्राइव्हवर अडली म्हणून निराश होऊ नये, दुसऱ्या ड्राइव्हवर ती पुष्कळदा चालते.

गुणवत्तेचा आकडा निवडताना व्यापाऱ्याची काटकसर येथे आवरावी. जुन्या, कमी स्पष्टतेच्या चित्रासाठी हँडब्रेक १८ ते २२ हा टप्पा सुचवितो. आकडा जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. उलट दिशेचा मोहही आवरावा. व्हिडिओ सीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, म्हणजे एका चौकटीत सुमारे एक लाख ठिपके. आजच्या ‘फुल एचडी’त ते वीस लाखांहून अधिक असतात. एका ठिपक्याचे वीस करून दिले तरी मुळात नसलेला तपशील त्यात कोठून येणार? ‘तुमचे लग्न एचडीत करून देतो’ असे सांगणाऱ्या दुकानदाराला हा हिशेब जरूर विचारावा. डीव्हीडीतील चित्रात हालणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या, तर ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडावा. चित्राची चार-तीन ही चौकटही तशीच ठेवावी. रुंद टीव्ही भरण्यासाठी ती ताणली, की सडपातळ आजोबा स्थूल होऊन बसतात.

आवाजाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि खरे नुकसान तेथेच आहे. स्टुडिओने तयार केलेल्या विवाहाच्या सीडीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रपटगीते घातलेली असतात. वरघोडा दिसतो, पण वाजंत्री ऐकू येत नाही. आजी ओवाळताना काहीतरी पुटपुटते, ते शब्द गाण्याखाली दडपले जातात. तो आवाज असतो न कापलेल्या मूळ कॅसेटमध्ये, किंवा कोण्या भाच्याने साध्या फोनवर घेतलेल्या धूसर तुकड्यात. चित्र धूसर म्हणून असे तुकडे सर्वात आधी पुसले जातात. ‘३जीपी’मधील आवाज जुन्या ‘एएमआर’ पद्धतीचा असतो आणि काही प्रोग्राम तो वगळून केवळ चित्र उतरवितात. म्हणून प्रत्येक नवी फाइल कान देऊन ऐकल्याविना मान्य करू नये.

कॅसेटच्या बाबतीत वेळ थोडा आहे. व्हीसीआर बनविणारी जगातील अखेरची कंपनी मानली गेलेल्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. कोकणच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, आणि बुरशीची कॅसेट तशीच चालविली तर फीतही जाते व यंत्रही बिघडते. ती आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत पनवेलच्या सखल भागांत पाणी शिरले, तेव्हा ज्यांच्या आठवणींची एकच प्रत तळमजल्यावर होती त्यांना वेगळे सांगणे नको. मोठ्या संस्थांनाही हा अनुभव आला आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरल्या होत्या, ते आजही पाहता येतात.

मोडी कागदाचे देवनागरी लिप्यंतर झाले म्हणून कोणी मूळ कागद फाडत नाही. येथे मात्र ‘एमपी४’ झाली, की मूळ फाइल जागा अडविते म्हणून तत्परतेने पुसली जाते. प्रत्येक रूपांतरात थोडा तपशील गळतो. दहा वर्षांनी पुन्हा नव्या लिपीत जावे लागले, तर ते मुळावरूनच व्हावे. दुकानात काम दिले असेल, तर पैसे चुकते करण्यापूर्वी मूळ फाइली आणि मूळ सीडी दोन्ही मोजून घ्याव्यात. मेळ घालण्याची रीत व्यापारी घरांना शिकवावी लागत नाही. एका कागदावर सीडीचा क्रमांक, मूळ चित्रफीत किती मिनिटांची, नवी किती मिनिटांची, आणि आवाज आहे की नाही, एवढे रकाने पुरेत. ५८ मिनिटांची फीत ४१ मिनिटांवर आली असेल, तर नेमकी सप्तपदी गळालेली असण्याचा संभव असतो. मेळ बसल्यावर एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर आणि दुसरी परगावच्या लेकीकडे ठेवावी. व्हॉट्सॲपवर पाठविताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, अन्यथा चित्र वाटेतच आक्रसते.

एक काम कोणताही प्रोग्राम करीत नाही. मांडवातील दुसऱ्या रांगेत बसलेले ते फेटेवाले गृहस्थ कोण, हे घरातील एखाद-दुसऱ्याच वृद्धाला ठाऊक असते. नवी फाइल टीव्हीवर लावून एका दुपारी त्यांना समोर बसवावे, जेथे ते सांगतील तेथे थांबवावे, आणि मिनिट व नाव वहीत टिपत जावे. सेकंदाची खोड असलेल्या नातवाला हे काम द्यावे. दोन दुपारी लागल्या तरी हरकत नाही.